सीतादहीच्या कापसाची वात

शके सतराशे शहाऐंशीच्या माघ महिन्यात मी आपल्या वडिलांसह गाविलगडच्या पडक्या किल्ल्यावर गेलो होतो, व जाताना चिखलदरा या डोंगरावरील लहानशा गावी मुक्काम केला होता. त्याची हकीकत येथे लिहिण्याचे योजिले आहे. मी फार शिकलेला नाही. बार्शीटाकळीस पंतोजींच्या शाळेत अडीच वर्षे होतो. मोडी व बाळबोध वाचता येऊ लागताच वावरातील कामास लागलो. तथापि जे घडले ते जसेच्या तसे मांडण्यास मोठी विद्या लागत नाही, असे समजून लेखणी धरिली आहे.

आमचे गाव बार्शीटाकळीपासून दोन कोसांवर, जमीन काळी, आणि धंदा पिढ्यान्‌पिढ्या कापसाचा. माझे नाव शेषराव. वडिलांचे नाव नत्थुजी. त्या समयी त्यांनी साठी ओलांडली होती. माझी माय मैनाबाई ही त्यापूर्वी दोन वर्षे तापाने वारली. मी चार वर्षांचा असता मला देवी आल्या, अन्न सुटले व डोळे मिटले, तेव्हा तिने गाविलगडावरील देवीस नवस केला होता. लेकरू उठले तर तुझ्या देवळात एका वातीचा दिवा लावीन. सकाळी लाविलेला दिवा दिवस मावळेपर्यंत जळेल. आणि ती वात आमच्या वावरातील सीतादहीच्या कापसाची असेल. मी उठलो. नवस मात्र तसाच राहिला.

सीतादही म्हणजे काय हे अन्य प्रांतांतील वाचकांस ठाऊक नसेल. आमच्याकडे कापसाच्या वेचणीस आरंभ करण्यापूर्वी घरची बाई वावरात जाऊन एका झाडास हळदकुंकू लाविते व दहीभाताचा नैवेद्य दाखविते. मग वेचणी सुरू होते. त्या झाडाचा कापूस आमच्या घरी विकीत नसत. माय तो वेगळा आणी, त्यातील सरकी चरकीवर न घालता बोटांनी काढी, आणि उतरंडीतील एका लहान मडक्यात दाबून ठेवी. दर साल एक मूठ. डोंगर चार मुक्कामांवर. वेचणी संपते तो गहू येतो, गहू संपतो तो लग्ने येतात. यामुळे तिचे जाणे राहत गेले आणि मडके भरत गेले. मरतेवेळी तिने वडिलांस निरवानिरवीचे दुसरे काहीएक सांगितले नाही, फक्त मडके वर न्या इतकेच सांगितले.

आता माझे कृत्य सांगतो. अमेरिकेतील लढाईमुळे विलायतेस कापूस मिळेनासा झाला, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसास असा भाव चढला की तसा पूर्वी कोणी ऐकिला नव्हता. आमच्या प्रवासाच्या आदल्या उन्हाळ्यात व्यापाऱ्यांच्या गाड्या दारोदार फिरू लागल्या. पांढरे दिसेल ते घेत. लोकांनी गाद्या उसविल्या, उशा उसविल्या, दुलया उसविल्या. कित्येक सधन घरी माणसे गोणपाटावर निजू लागली व त्याची त्यांस लाज न वाटता उलट प्रौढी वाटे. मीही आमची गादी व दोन दुलया दिल्या. ते वडिलांस ठाऊक होते. त्यांनी तोंड फिरविले, पण अडविले नाही. परंतु त्याच दिवशी, वडील वावरात असता, मी उतरंड उतरविली व मायेचे मडकेही व्यापाऱ्याच्या बोऱ्यात रिते केले. मडकेभर कापूस तो केवढा? काट्याचा दांडा त्याने हलला देखील नसेल. गरज होती म्हणून केले असते तर सांगावयास तोंड तरी असते. हात थांबला नाही, याहून दुसरे कारण मला आजतागायत सापडलेले नाही.

कार्तिकात नवीन कापूस फुटला तेव्हा मी त्यातील सरकी काढून मडके पुन्हा भरिले, फडके बांधिले, आणि जागच्या जागी ठेविले. कापसासारखा कापूस, असे मनाशी म्हटले.

पण कापसासारखा कापूस नसतो, हे आमच्या गावचे पोरही सांगेल. आमच्याकडे जुनी जात बनीची. तिचा धागा लांब व मऊ. दुसरी जात जरीची; तिचा धागा आखूड व भरड, परंतु झाडास बोंडे पुष्कळ लागतात. भाव चढताच जो तो बोंडे मोजू लागला आणि बनी टाकून जरी पेरू लागला. आमच्या वावरात जरी आणिली ती मीच हट्टाने. तेव्हा मायेचा कापूस होता बनीचा, आणि मी भरिला तो जरीचा. दिसण्यास दोन्ही पांढरे. माझे वडील मात्र चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढीत, आणि डोळे मिटूनही जात सांगत. अकोल्याच्या बाजारात मालावरून तंटा झाला म्हणजे दोन्ही पक्ष त्यांस बोलावून नेत. वात वळण्यासाठी ते मडक्यात हात घालतील त्याच क्षणी माझे कृत्य उघडे पडणार, हे मला स्वच्छ दिसत होते.

यास्तव वाटेत अंजनगावच्या मुक्कामी मी त्यांस सुचवून पाहिले की, नवस माझ्या जिवाचा, तर वात मीच वळतो. ते म्हणाले की नवस बोलली ती त्यांची बायको, म्हणून हात त्यांचेच लागतील. पुढे त्यांनी तो विषय काढू दिला नाही.

पाचव्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी धामणगावास पोहोचलो. तेथे एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गाडीबैल ठेविले, कारण वरची वाट पायाची होती. मडके वडिलांनी उपरण्यात बांधून आपल्या खांद्यास अडकविले होते. मी दोनदा मागितले, त्यांनी दिले नाही. चढण लागल्यावर थोड्याच वेळात काळी माती संपून तांबडी लागली. एका वळणावर वडील थांबले व मागे वळून खालचा मुलूख पाहू लागले. सर्वत्र पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वाळकी झाडे उभी होती, आणि जेथे वेचणी राहिली होती तेथे पांढरे ठिपके दिसत. ते म्हणाले की येथून वर आता कापूस नाही. त्यांनी ते सहज म्हटले. मी मात्र ते ऐकून वरच्या वाटेकडे पाहू लागलो, कारण वर एखाद्या दुकानी मूठभर बनी मिळेल आणि ती मी गुपचूप बदलून टाकीन, अशी आशा मी धरून होतो.

चिखलदरा हे गाव म्हणावे तर गाव, नाही तर नाही. भीमाने कीचकास मारून येथील दरीत टाकिले म्हणून हे कीचकदरा, असे जाणते लोक सांगतात. परंतु तेथे राहणाऱ्यांपैकी कोणीही मला ती दरी खात्रीने दाखविली नाही, एकाने एका बाजूस हात केला व दुसऱ्याने दुसऱ्या. कड्याच्या अंगाला साहेब लोकांचे पाच-सात बंगले आहेत. ते उन्हाळ्यात येतात, म्हणून माघात बंगल्यांस कुलपे होती व फक्त माळी काफीच्या झाडांचा पाला झाडीत होते. बंगल्यांच्या मागे बाजार, म्हणजे चार दुकाने. त्यापलीकडे गवळ्यांची घरे, म्हशींचे गोठे, आणि बटाट्यांची लहान लहान वावरे. दुपार ढळताच दरीतून धुके वर आले व बंगले, माळी व म्हशी सर्व झाकून गेले. अशी थंडी मी जन्मात अनुभविली नव्हती. आमच्याजवळ पांघरावयास एकेक पासोडी आणि मी नवीन घेतलेले एक विलायती कांबळे होते. वडील ते अंगास लावू देत नसत, टोचते म्हणत.

एका गवळ्याच्या विधवेने ओसरीवर जागा दिली. तिचे नाव जमुना. वय पन्नाशीचे, बोलणे रोखठोक, आणि हात सारखे कामात. तिने चुलीजवळ बसविले, दूध दिले, कोठले, कोण, कशास आलात सर्व विचारून घेतले. मग आमच्या गाठोड्याकडे पाहून म्हणाली, “अन् पांघरून कुठी हाय तुमचं?”

“आमी कापूसवाले, बाई,” वडील म्हणाले. “आमचं पांघरून इलायतेले गेलं.”

“मंग तुमीबी तिकडंच जाऊन निजा लागत होतं.”

वडील हसले. मायेच्या मागे त्यांस हसताना मी क्वचितच पाहिले होते. जमुनाबाई आत गेली व एक जुनी दुलई आणून तिने त्यांच्या अंगावर टाकिली. कापड विटलेले, ठिकठिकाणी ठिगळे लाविलेली, परंतु जड. वडिलांनी ती गुडघ्यांवर ओढिली, आणि एका कोपऱ्यास फाटलेले होते तेथे त्यांचे बोट गेले. त्यांनी आतून चिमूटभर कापूस काढिला. चुलीच्या उजेडात नव्हे, अंधारात, मांडीवरच तो दोन अंगठ्यांत धरून ओढिला. पुन्हा ओढिला.

“बनी होय हे,” ते म्हणाले. “शेषराव, पाह्य. बनी.”

मी पाहिले. तो कापूस वीस वर्षांपूर्वी परतवाड्याच्या बाजारातून आणिला होता, असे जमुनाबाईने सांगितले. मग वडील तिला खालची सर्व हकीकत सांगू लागले की, खाली आता बनी उरली नाही, वावरातही नाही आणि घरातही नाही; दुलईतली देखील निघून गेली. ती म्हणाली की इकडे कोणी व्यापारी आला नाही, आणि आला असता तरी दुलई कोण देतो? थंडीने मरावयाचे आहे काय? ही गोष्ट मी तेथे बसून ऐकिली. ज्या डोंगरावर कापसाचे एक झाड उगवत नाही तेथे घरोघर बनी होती, आणि ज्या काळ्या मातीतून ती उगवली तेथे ती औषधालाही नव्हती.

वडिलांचा अंगठा अजून शाबूत आहे, हेही मी पाहिले.

बाहेर दिवस अजून थोडा उरला होता. तंबाखू आणतो असे सांगून मी बाजारात गेलो व चारही दुकानी कापूस विचारला. मीठ होते, बटाटे होते, दोर होते, साहेबांसाठी मेणबत्त्या होत्या. शेवटच्या दुकानदाराने मला दोनदा तेच विचारावयास लाविले आणि मग म्हणाला, “खालचा सारा संपला काय, म्हनून इतल्या वर आले?” त्याचे गिऱ्हाईकही हसले. मीही हसलो, कारण दुसरे काय करणार.

परत आलो तो जमुनाबाई गोठ्यात म्हशीस आंबोण ठेवीत होती. वडील ओसरीवर होते व तेथून आमचे बोलणे ऐकू जाण्यासारखे नव्हते. मी तिला त्या दुलईतील मूठभर कापूस मागितला व त्याबदली माझे विलायती कांबळे देऊ केले. तिने कारण विचारिले. खोटे सांगण्याचा माझा विचार होता. परंतु त्या बाईपुढे ते जमेना, आणि मी मडक्याची हकीकत प्रथमपासून सांगितली. ती ऐकत असता तिने हातातील काम सोडिले नाही. संपल्यावर घरात गेली, आणि दुसऱ्या एका दुलईच्या कोपऱ्यातून मूठभर कापूस काढून मला आणून दिला.

“घे. पन हा लेकरायच्या अंगाखालचा हाय. तीन लेकरं वाढली याच्यावर. मुतले, पादले, वाढले. देवीपुढं चालत नसते असा.”

मी म्हणालो की कोणास कळणार आहे?

“बापाले सांगजो,” ती म्हणाली. “देवी का इचारनार हाय तुले? बाप इचारीन.” आणि कांबळे घेतले नाही.

तो कापूस मी कमरेच्या पंच्याच्या गाठीत बांधिला. त्या संध्याकाळी मडके वडिलांच्या उशाशी होते. मला ते उघडून कापूस बदलण्यास संधी नव्हती असे नाही. ते पाणी पिण्यास आत गेले तेव्हा मी मडक्याजवळ एकटाच होतो. फडक्याच्या गाठीस मी हातही लाविला. गाठ मीच कार्तिकात मारिलेली होती. माय मारीत असे तशी ती नव्हती, हे मला तेव्हा दिसले. इतके दिवस ती वडिलांस दिसली नसेल काय, ते मी जाणत नाही. हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. चिखलदऱ्यापासून किल्ला तासाभराची वाट आहे. दोन डोंगरांमधील अरुंद खिंड ओलांडून गेले म्हणजे दरवाजे लागतात. साठ-बासष्ट वर्षांमागे इंग्रजांनी हा किल्ला लढून घेतला, तेव्हा वडील पाळण्यात होते. आणि अलीकडे सात वर्षे होतात, सरकारने त्याचे तट फोडविले. त्यामुळे जेथे तेथे दगडांच्या राशी, त्यांवर गवत, आणि मध्येच एखादा सबंध बुरूज असे दिसते. एका दरवाजावर दगडात सिंह कोरिलेले आहेत, व त्या सिंहांनी पंजांत हत्ती धरिलेले आहेत. हत्ती फारच लहान दाखविले आहेत. ते पाहावयास वडील थांबले. पुढे पायऱ्या होत्या, व पायऱ्यांपलीकडे तळ्याच्या काठी देऊळ दिसत होते. आणखी शंभर पावले गेल्यावर सांगण्यास जागा राहिली नसती.

“बा,” मी म्हणालो, “त्या मडक्यातला कापूस मायचा नाई. मायचा म्या वैशाखात इकला.”

ते सिंहांकडेच पाहत होते. “सारा?”

“सारा.”

ते पायरीवर बसले. मडके खांद्यावरून काढून त्यांनी मांडीवर घेतले, आणि दोन्ही हात त्यावर ठेविले. मग म्हणाले, “तुह्याचसाठी होता तो.”

“हो.”

यापुढे ते रागावतील, मारतील, की परत फिरतील, याचा मी विचार करीत उभा राहिलो. मारले असते तर बरे झाले असते. खिंडीतून वर येणारे दोन कोरकू मोळीविके आमच्या बाजूने गेले, त्यांनी आमच्याकडे वळून पाहिले, आणि गेले. मग वडील उठले.

“चाल,” ते म्हणाले. “दिवस वर येऊन राह्यला.”

देऊळ लहान आहे. छपराचा अर्धा भाग पडलेला, आत शेंदराने माखलेली देवीची मूर्ती, पुढे दगडी पणती. पुजारी रोज नसतो. वडिलांनी केर काढिला, तळ्याचे पाणी आणून जागा धुतली, आमच्याजवळील गोडेतेल पणतीत ओतिले. नंतर मडक्याचे फडके सोडिले व चिमूट काढून अंगठ्यांत ओढिली. ती लागलीच तुटली.

“जरी,” ते म्हणाले, जणू बाजारात कोणा परक्याने त्यांस विचारिले होते. मग मडके त्यांनी माझ्यापुढे सारिले. “वळ. एक इझाले आली का तिच्यावर दुसरी लाव. मावळेतोवर उठू नको.”

मी वात वळली व दिवा लाविला. बनीची लांब वात एकदा पणतीत घालून कोपऱ्यावर काढिली म्हणजे सावकाश तेल ओढीत राहते. जरीच्या कापसाची लांब वात वळतच नाही; मध्ये सुटते. बोटभर लांबीची होते, तिच्या टोकास काजळी धरते, ती खचते व तेलात पडते. म्हणून पहिली विझण्यापूर्वी दुसरी तयार ठेवून, तिला पहिलीची ज्योत द्यावी लागे, आणि तोवर तिसरी वळावी लागे. एकाच वातीचा नवस मोडलेलाच होता; निदान ज्योत मोडू नये एवढेच माझ्या हाती होते. पहिल्या प्रहरीच माझी बोटे तेलाने निसरडी झाली व मग वळणे आणखी कठीण झाले. मातीत बोटे पुसावी, वळावे, लावावे, पुन्हा पुसावी. किल्ला पाहावयास म्हणून लोक दूरदूरचे येतात, मी तेथे सबंध दिवस होतो, आणि देवीच्या पायांखेरीज मी काही पाहिले नाही.

वडील किल्ल्यात फिरत होते. मध्येच येऊन दारात उभे राहत, पणतीकडे पाहत, आणि जात. दुपारी त्यांनी अर्धी भाकर व कांदा माझ्या गुडघ्याजवळ ठेविला. मी एका हाताने खाल्ले. पुढच्या खेपेस ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले की पलीकडे मोठी तोफ पडली आहे, तिच्या तोंडात पाखराने घरटे केले आहे, आणि मोठ्या मशिदीचे घुमट अजून चांगले आहेत. ते मला सांगत होते की देवीस, हे मी विचारिले नाही. परंतु त्यानंतर ते बाहेर न जाता माझ्या मागे खांबास टेकून बसले.

सूर्य पश्चिमेच्या बुरुजावर दोन हात उरला असता मडके संपले. मी तळ चाचपला. एक काडी व थोडा कचरा निघाला. पणतीतील वात अर्धी जळाली होती. आता गप्प बसलो तर ती विझेल, आणि बोललो तर आणखी एक गोष्ट सांगावी लागेल, अशी वेळ आली. मी कमरेची गाठ सोडिली व जमुनाबाईने दिलेला कापूस वडिलांपुढे धरिला.

“हे काय?”

“जमुनाबाईच्या दुलईतला. काल म्या मागून आनला. मडक्यात टाकाले आनला होता,” मी म्हणालो. “टाकला नाई. तिच्या लेकरायच्या अंगाखालचा हाय. देवीले चालत नाई, म्हने.”

वडिलांनी कापूस घेतला. त्यांनी चिमूट ओढिली. अंगठे दूर जाऊ लागले, तरी धागा सुटेना. त्यांनी डोळे मिटले होते. माझे लक्ष पणतीवर.

“देवीले का थंडी वाजत नसंन,” ते म्हणाले, “एवढ्या डोंगरावर?”

मग त्यांनी तळहातावर वात वळली. एकच, हातभर लांब, कोठे गाठ नाही की कोठे जाड-बारीक नाही. अशी वात मी मायेच्या हातची पाहिली होती. वडिलांच्या हातची कधी नाही. त्यांनी तिला विझत आलेल्या वातीची ज्योत दिली, वेटोळे तेलात बसविले, आणि हात जोडिले. मायेचे नाव त्यांनी एकदा मोठ्याने घेतले. मला हात जोड असे म्हणाले नाहीत, मी जोडिले.

सूर्य बुरुजामागे गेल्यावर आम्ही निघालो, कारण त्या रानात वाघाचे भय आहे व अंधारापूर्वी खिंड ओलांडावयाची होती. दरवाजातून मी मागे पाहिले तेव्हा दिवा जळत होता. तेल पुष्कळ होते व वातही निम्म्याहून अधिक राहिली होती. पुढे केव्हा विझला असेल ते सांगता येत नाही.

परत आलो तो जमुनाबाई चुलीजवळ होती. तिने वडिलांचे तोंड पाहिले, मग माझी काळी झालेली बोटे पाहिली, व पाणी तापत ठेविले. वडिलांनी तिच्याजवळ सुईदोरा मागून घेतला आणि तिच्या दोन्ही दुलयांचे फाटके कोपरे चुलीच्या उजेडात शिवून दिले. ती म्हणाली की पुरुषाच्या हातचे शिवण किती दिवस टिकते ते पाहते. ते म्हणाले की कापूस टिकेल तोवर टिकेल. सकाळी निघताना मी विलायती कांबळे ओसरीवर घडी करून ठेविले. तिने पाहिले, आणि या वेळी परत दिले नाही. म्हशीच्या पाठीवर घालीन म्हणाली.

घाट उतरताना वडिलांनी रिकामे मडके पुन्हा उपरण्यात बांधून खांद्यास अडकविले होते. नवस फिटला, मडके रिते, चार मुक्कामांची वाट, तर हे ओझे परत कशास न्यावे, असे मला वाटले. मी ते मागितले, त्यांनी दिले नाही. वळणावर, जेथे तांबडी माती संपून काळी लागते, तेथे ते दम घेण्यास थांबले. मी धीर करून विचारिले की हे आता कशास नेता.

“यात तुही सुभद्रा भरंन,” ते म्हणाले. सुभद्रा ही माझी बायको. “बनीची सरकी मी पाहतो कुठं भेटते तं. वावराच्या कडंले दोन तासं पेरू.” आणि मडके दुसऱ्या खांद्यावर घेऊन उतरू लागले. चार पावले गेल्यावर, मागे न पाहता म्हणाले, “तू हात नको लावजो.”

मी बरे म्हणालो, व त्यांच्या मागून चालू लागलो.